लॉरी बेकर यांची घरं पाहायला बेळगावहून जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली आम्ही काही मंडळी दर हिवाळ्यात तिरुवनंतपुरमला, म्हणजे आपल्या जुन्या तोंडच्या त्रिवेंद्रमला जातो. तिथे लॉरी बेकर यांनी बांधलेली घरं आणि इमारती पाहतो. परत आलो की फोनवर तेच ते प्रश्न येत राहतात. ज्यांना स्वतः जायचंय त्यांना एका जागी सगळं मिळावं म्हणून ही उत्तरं लिहून ठेवली आहेत.

लॉरी बेकर कोण? एका आर्किटेक्टची घरं बघायला एवढ्या लांब का जायचं?

जन्म १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. वास्तुरचनेचं शिक्षण तिथलंच. दुसऱ्या महायुद्धात ते रुग्णसेवेच्या तुकडीतून चीनला गेले. परतीच्या वाटेवर बोटीची वाट पाहत मुंबईत थांबले असताना त्यांची गांधीजींशी गाठ पडली. घराला लागणारं सामान त्या घरापासून पाच मैलांच्या आत मिळावं, हा गांधीजींचा विचार बेकर यांनी आयुष्यभर धरून ठेवला. पुढे ते भारतात आले ते कुष्ठरोग्यांसाठी दवाखाने बांधायच्या कामावर. डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न केलं आणि दोघं हिमालयात पिथोरागडला सोळा वर्षं राहिले. तिथल्या लोकांची दगडमातीची घरं पाहून आपण नव्याने शिकलो, असं ते सांगत. १९६३ मध्ये केरळात आले आणि २००७ मध्ये त्रिवेंद्रमलाच वारले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपण का जायचं? त्यांनी विटा, चिरा (म्हणजे जांभा दगड), कौलं, चुना आणि जुनी लाकडं वापरून पाऊसपाण्याच्या मुलखात कमी पैशांत घरं बांधली. हे सगळं सामान आपल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात आहे. पाऊसही तसाच. आपण मात्र चिऱ्याचं घर पाडून स्लॅबचा डबा उभा करतो आणि एप्रिलमध्ये त्याच डब्यात पंखा पाचावर लावून घामाघूम बसतो. आपल्याच सामानातून एखादा जाणता माणूस काय करू शकतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

बेळगावहून कसं जायचं? किती दिवस काढावे लागतात?

अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. आम्ही चोर्ला घाटातून गोव्यात उतरतो आणि मडगावला कोकण रेल्वेची गाडी धरतो. नेत्रावती एक्स्प्रेस थेट त्रिवेंद्रमला जाते. एक रात्र आणि पुढचा जवळजवळ अख्खा दिवस गाडीत जातो, पण खिडकीतून कौलारू घरांचा उतार हळूहळू कसा बदलत जातो ते बघत गेलं की कंटाळा येत नाही. घाई असेल तर बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरू आणि तिथून पुढे विमान.

तिथे पूर्ण तीन दिवस हवेत. दोन दिवसांत उरकणाऱ्यांचा सगळा वेळ रिक्षात जातो.

कधी जावं? आमच्या मुलांची सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते.

डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. पाऊस केरळात जूनच्या सुरुवातीला येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा, म्हणजे ईशान्येकडून येणारा पाऊसही तिथे चांगला झोडपतो. दसऱ्याच्या सुट्टीत जाणारे त्यातच सापडतात.

एप्रिल-मे टाळा असं मात्र मी म्हणणार नाही. उकाडा असतो, दमट हवा असते. पण या घरांची खरी परीक्षा त्याच दिवसांत होते. भर दुपारी रस्त्यावरून जाळीच्या भिंतीआड शिरलं की अंगाला जो फरक जाणवतो, तो जानेवारीत कळत नाही. मुलं लहान असतील तर सकाळी साडेदहापर्यंत आणि चारनंतर फिरा.

तिकीट किती? घरात आत जाता येतं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून नीट सांगते. बेकर यांची बहुतेक घरं ही माणसं राहत असलेली घरं आहेत. तिथे तिकिटाची खिडकी नाही, गाइड नाही, पाटी नाही. मालकांनी आधी होकार दिला असेल तरच आत जायचं, आणि ते जिथवर नेतील तिथवरच. ओळखीतून, एखाद्या स्थानिक आर्किटेक्टकडून किंवा वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडून विचारणा करून घ्या. जायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करा. सहापेक्षा जास्त माणसं एका वेळी नेऊ नका.

आमच्याकडून एकदा चूक झाली. दुसऱ्या खेपेला आम्ही अकरा जण एका घरी गेलो. घरच्या बाई स्वयंपाकघरात होत्या. त्या आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवून सरबत करायला वळल्या आणि आमच्यातल्या एकाने बिजागरी नसलेलं दार कसं फिरतं ते बघायला म्हणून आतलं दार ढकललं. आत त्यांचे आजारी सासरे झोपलेले होते. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, सरबतही दिलं, पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. आपल्या सोप्यातून सरळ माजघरात कुणी परका शिरला तर आपल्याला काय वाटेल? तेव्हापासून आमचा नियम आहे: बंद दाराला हात लावायचा नाही, आणि अर्ध्या तासात निघायचं. जाताना आम्ही बेळगावची मिठाई, कुंदा, नेतो. तिथल्या लोकांना तो फार आवडतो.

परवानगीशिवाय कुणालाही बघता येईल असं काही आहे का?

आहे, आणि पहिल्या दिवशी तिथेच जा. तंपानूरचं इंडियन कॉफी हाऊस. रेल्वे स्टेशन आणि बसस्टँडच्या अगदी जवळ आहे, सामान घेऊन चालत जाता येतं.

बाहेरून हा विटांचा गोल बुरूज दिसतो, अंगभर चौकोनी भोकं असलेला. आत जिना नाही आणि मजलेही नाहीत. एकच चढती फरशी मधल्या खांबाभोवती वेटोळं घेत वर जाते, आणि तिच्या कडेने बाहेरच्या भिंतीला लागून बांधीव टेबलं आणि बाकं. आपण चढावर चालतो, पण बसतो ते सपाटीवर, कारण प्रत्येक टेबलाची बैठक वेगळी समतल केली आहे. पांढऱ्या कपड्यांतले, तुरेदार फेट्यांचे वेटर हातात ट्रे घेऊन तो चढ दिवसभर चढत-उतरत असतात. आम्ही सकाळी आठला बसलो होतो. भिंतीच्या भोकांतून उन्हाचे चौकोन टेबलावर पडले होते. कॉफी संपेपर्यंत ते माझ्या कपावरून सरकत शेजारच्या ताटलीतल्या बिटाच्या कटलेटवर गेले. पंख्याची गरज वाटली नाही.

हे कुणाचं राहतं घर नाही, हे खरं. पण बेकर घरांमध्ये जे जे करत, ते सगळं इथे एका कॉफीच्या पैशात दिसतं: जाळी, गोलाई, जागेचा काटकसरीने वापर. गर्दीच्या वेळी टेबल अडवून बसू नका.

सीडीएस म्हणजे काय? तिथे काय बघायचं?

सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही अर्थशास्त्राची संशोधन संस्था, १९७१ मध्ये सुरू झालेली. तिचा उळ्ळूरमधला अख्खा परिसर बेकर यांचा आहे. टेकडीच्या चढउताराला धक्का न लावता, झाडं राखून, भिंती वळवत नेल्या आहेत. ग्रंथालयाचा उंच मनोरा सगळीकडून दिसतो. संगणक केंद्राला बाहेरून विटांच्या जाळीची एक भिंत आणि आत दुसरी भिंत, अशी दुहेरी रचना आहे.

काम चालू असलेली संस्था आहे, तेव्हा आधी लिहून परवानगी मागा आणि आवाज न करता फिरा. भिंतीला टेकून बसायला जागोजागी कट्टे आहेत. आम्ही प्रत्येक वेळी तिथे थोडा वेळ नुसते बसतो.

त्यांचं स्वतःचं घर, ‘द हॅम्लेट’, बघायला मिळतं का?

नालांचिरा भागात, खडकाळ उतारावर ते आहे. परवानगीचं वर लिहिलं तेच इथेही लागू. मिळाली तर सगळ्या सहलीचं सार्थक होतं. घर एकदम बांधलेलं नाही. गरज पडेल तशी खोली जोडत गेले. खडक फोडला नाही, घरच त्याच्या कलाने वर-खाली होत गेलं. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या, फुटक्या फरश्या आणि कपबशांचे तुकडे, काचेच्या बाटल्या, असं दुसऱ्यांनी टाकलेलं सामान तिथे भिंतींत जाऊन बसलंय. भंगारातून आणलेलं काहीही तिथे भंगार दिसत नाही.

आम्हाला बांधकामातलं काही कळत नाही. नेमकं बघायचं काय?

चार गोष्टी शोधा.

पहिली, भिंतीतली विटांची रचना. नेहमी वीट पाटावर झोपवतात. बेकर ती कुशीवर उभी करत: दोन विटा समोरासमोर, मध्ये पोकळी, मग एक आडवी वीट दोन्हींना सांधणारी. याला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. भिंत नऊ इंचीच होते, पण विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात, सिमेंट-वाळूचा मालही कमी, आणि पोटातल्या हवेमुळे बाहेरचं ऊन आत लवकर पोचत नाही. अशा भिंतीवर बोटाच्या पेरांनी वाजवून बघा, नेहमीच्या भिंतीपेक्षा आवाज पोकळ येतो. (मालकांना विचारून वाजवा.)

दुसरी, वर बघा. स्लॅबच्या पोटात मंगळुरी कौलं दिसतील. स्लॅबच्या खालच्या भागात ताण घेते ती सळई, तिथलं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं. म्हणून सळ्यांच्या चौकटींत कौलं बसवून काँक्रीट वाचवायचं. याला फिलर स्लॅब म्हणतात.

तिसरी, जाळी. खिडकी म्हटली की चौकट, झडपा, गज, काच आणि सुताराची मजुरी. विटांमध्ये नक्षीने फटी ठेवल्या तर उजेड-वारा मिळतो आणि खर्च भिंतीइतकाच येतो. बाहेरचं आतून दिसतं, आतलं बाहेरून दिसत नाही.

चौथी, चौकट नसलेली खिडकी. एकच उभी फळी, वर-खाली खुंटीवर फिरणारी. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची दारं अशीच खुंटीवर फिरत असत, हे पाहून मला फार आनंद झाला होता.

भिंतींना गिलावा नाही म्हणे. पावसात ओल येत नाही का?

चांगली भाजलेली वीट आणि लांब आलेलं छप्पर असेल तर येत नाही. बेकर छप्पर भिंतीच्या बरंच पुढे काढत, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. कणकुंबीकडे जुन्या घरांची वळचण इतकी खाली का येते, त्याचंही कारण हेच. ज्या घरांच्या मालकांनी पुढे छप्पर कापलं किंवा वर गच्ची केली, त्या भिंतींवर शेवाळ दिसतं. तेही बघून घ्या.

डासांचं काय, हेही लोक विचारतात. जाळीला आतून बारीक तारेची जाळी मारून घेतात. धूळ साचते आणि ती झाडावी लागते, हे तिथल्या बायकांनीच आम्हाला सांगितलं.

आमच्या भागात, खानापूरच्या विटेत किंवा चिऱ्यात, असं घर होईल का?

होईल. खानापूरची माती मुळात नावाजलेली. ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था तिथे उगाच उभी राहिली नाही. अडचण मातीची नसून विटेच्या मापाची आहे. कुशीवर उभ्या केलेल्या विटा एका उंचीच्या नसल्या तर थर वाकडा जातो. भट्टीवर जाऊन पन्नास विटा ओळीने उभ्या लावून बघा. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत आवाज येतो का तेही पाहा.

चिऱ्याला तर गिलाव्याची गरजच नाही. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेवर कडक होत जातो. या दगडाचं ‘लॅटेराइट’ हे शास्त्रीय नाव १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन यांनी ठेवलं, तेही केरळातल्याच अंगाडीपुरमचा दगड पाहून. कौलारू घर आणि जांभा यांचं नातं दोन्हीकडे सारखंच जुनं आहे.

एक अनुभव सांगते. आमच्या परसात मी रॅट ट्रॅप पद्धतीची कुंपणाची भिंत घालायला घेतली. गवंड्याला कागदावर काढून दाखवलं, पहिले दोन थर समोर उभी राहून करून घेतले आणि कामावर गेले. संध्याकाळी येऊन पाहते तर बाकीच्या सगळ्या पोकळ्या त्याने मालाने गच्च भरलेल्या. म्हणाला, “बाई, पोकळ भिंत कशी ठेवायची? उद्या पडली तर माझं नाव जाईल.” त्याचा हेतू वाईट नव्हता, पण विटा वाचल्या त्यापेक्षा जास्त सिमेंट गेलं. तेव्हा गवंड्याला आधी एक तयार भिंत दाखवा, हाताने वाजवू द्या. राहत्या घराची भिंत असेल तर वजनाचा हिशेब इंजिनिअरकडूनच करून घ्या.

बेकर पद्धतीचं घर स्वस्त पडतं ना?

सामान कमी लागतं, हे पक्कं. मजुरी मात्र कमी लागेलच असं नाही. उघड्या विटांमधल्या दरजा (सांधे) भरायला सफाईदार हात लागतो आणि वेळ लागतो. बेकर स्वतः जागेवर उभे राहून काम करून घेत, एका बाजूने वापरलेल्या कागदांवर नकाशे काढत, मोठं ऑफिस त्यांनी थाटलं नाही. तो खर्च त्यांच्या घरांत नव्हताच. आज तुमच्या गावात कामाची सवय असलेला गवंडी नसेल, तर पहिलं घर नेहमीच्या घराइतक्याच खर्चात जाईल असं धरून चला. पुढची वर्षं उन्हाळ्यात गारवा आणि रंगाचा खर्च शून्य, हा फायदा वेगळा.

बेकर यांचं म्हणून दाखवलेलं प्रत्येक घर त्यांचंच असतं का?

नाही. १९८५ मध्ये बेकर आणि इतरांनी मिळून कॉस्टफोर्ड ही संस्था स्थापन केली. तिच्यातर्फे याच पद्धतीने पुष्कळ बांधकामं झाली आणि होतात. शिवाय उघडी वीट आणि चार गोल भोकं ठेवून ‘बेकर स्टाइल’ म्हणणारेही आहेत. रिक्षावाला प्रत्येक विटांच्या घराकडे बोट दाखवेल. मला विचाराल तर कॉस्टफोर्डची घरं आवर्जून बघावीत, कारण मूळ माणूस नसतानाही पद्धत चालते की नाही ते तिथे कळतं. नुसत्या नक्कलेत आत स्लॅब साधा असतो आणि भिंत भरीव असते. वर सांगितलेल्या चार गोष्टी तपासा.

आईचे गुडघे दुखतात. तिला नेता येईल का?

कॉफी हाऊसला पायऱ्या नाहीत, पण सतत चढ आहे. पहिल्या वेटोळ्यातलंच टेबल धरा. सीडीएसला चढउतार आहेत, सावकाश जमतं. हॅम्लेटच्या उतारावर मात्र त्रास होईल.

फोटो काढलेले चालतात का?

राहत्या घरात विचारल्याशिवाय नाही. भिंत, खिडकी, छत यांचा काढायला बहुतेक जण हो म्हणतात. माणसं, देवघर, कपड्यांची दोरी, बेडरूम नको. पत्ता कळेल असा फोटो कुठेही टाकू नका.

भाषेचं आणि जेवणाचं काय?

मल्याळम येत नसेल तर इंग्रजी चालतं, थोडं हिंदीही. कन्नडचा तिथे फारसा उपयोग होत नाही. भात उकड्या तांदळाचा, जाड असतो. दोन दिवसांत सवय होते. पद्मनाभस्वामी मंदिरात जाणार असाल तर पुरुषांना मुंडू (केरळी धोतर) आणि बायकांना साडी लागते, सोबत ठेवा.

एवढं लांब जमणार नाही. बेळगावच्या जवळ काही आहे का?

गोव्यात पर्वरीजवळ, तोर्डा इथे ‘हाऊसेस ऑफ गोवा’ हे संग्रहालय आहे. ते उभारणारे आर्किटेक्ट जेरार्ड डा कुन्हा बेकर यांच्याकडे काम शिकलेले. आत गोव्याच्या जुन्या घरांची दारं, खिडक्या, ओसऱ्या यांची मांडणी आहे. सकाळी निघून रात्री परत येता येतं.

कोल्हापूरचा न्यू पॅलेसही याच रांगेत लोक विचारतात. तो ब्रिटिश आर्किटेक्ट चार्ल्स मँट यांचा, १८७७ ते १८८४ या काळातला. मँट १८८१ मध्येच वारले, राजवाडा पुरा झालेला त्यांनी पाहिला नाही. काळ्या दगडातलं देखणं काम आहे, खालच्या मजल्यावर संग्रहालय आहे. पण तो राजवाडा आहे. आपल्या घराला त्यातून घेण्यासारखं शोधायला गेलात तर निराश व्हाल.

त्यापेक्षा शहापूर-वडगावात माग चालणाऱ्या जुन्या घरांत, ओळखीने, एखादी दुपार घालवा. मागाच्या खड्ड्यात बसलेल्या माणसाच्या हातावर उजेड बरोबर कुठून पडतो ते बघा. ती घरं कुणा नामवंत आर्किटेक्टने काढलेली नाहीत, पण बेकर असतेच तर तिथे वही काढून बसले असते, असं मला वाटतं.

आमचं आजोबांचं घर पाडायचं ठरलंय. आधी येऊन बघाल का?

येतो. बेळगाव आणि खानापूर तालुक्यात तर नक्की येतो, पैसे घेत नाही. भाऊबंदकीत किंवा वाटणीच्या वादात मात्र आम्ही बोलत नाही. घर ठेवा असा आग्रहही धरत नाही. पावसाळ्यात गळणारं छप्पर ज्याच्या डोक्यावर आहे त्यालाच ते कळतं.

आम्ही येईपर्यंत एवढं करा. जेसीबी बोलवायच्या आधी प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी आणि दारांची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. दारं-खिडक्या चौकटीसकट काढा. सागवानी किंवा फणसाची असतील तर भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. चिरे सुटे निघतात, ते नव्या जोत्याला किंवा कुंपणाला चालतात. कौलं वरून फेकू देऊ नका. एकेक उतरवा आणि उलटून बघा: पाठीवर मंगळूरच्या कारखान्याचा छाप असतो, जुन्या घरांत कधी कधी बासल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या तिथल्या कारखान्याचाही. त्या कारखान्याची सुरुवात १८६५ ची. अशी कौलं एकावर एक आडवी रचली की खालची तडकतात, म्हणून भिंतीशी उभी टेकवून ठेवा आणि वरून ताडपत्री घाला.